मधले सहा सेकंद

अल अझीझिया, जेद्दा
गुरुवार, १३ एप्रिल २००६

प्रिय दर्शना,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की कबड्डीच्या सामन्याच्या डिस्कमध्ये कुठेही तूट नाही. तूट आहे, आणि ती नेमकी जलाल मेला तिथेच आहे.

मला शाळेत प्रवेश मिळेपर्यंत अब्बांनीच घरी शिकवलं, ते तुला माहीत आहे. चूक खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं, असा त्यांचा नियम होता. म्हणून माझं ते वाक्य तुझ्याकडेच राहू दे. त्यावर रेघ मार.

माझं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे चूक कशी झाली ते कळेल. गच्चीवरच्या डिशची वायर माझ्या खोलीतल्या संगणकात येते. हारूनभाई सांगतो तो कार्यक्रम मी रेकॉर्ड करते, डीव्हीडीसाठी त्याचं रूपांतर करते, आणि डिस्क खालच्या दुकानात जातात. रूपांतर चालू असताना प्रोग्राम एक लॉग लिहीत जातो. कुठे चित्र फाटलं, कुठे आवाज मागे पडला, ते सगळं त्यात येतं. प्रत्येक डिस्क बसून बघणं शक्य नसतं. मी लॉग वाचते आणि ठरवते, डिस्क स्वच्छ की परत करायची. त्यात चुका वेगळ्या मोजलेल्या असतात आणि इशारे वेगळे. भाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चुका बघ. इशारे सोड, ते जाहिरातींचे असतात." ते खरंही आहे. जाहिरात लागली की वाहिनीची वेळ उडी मारते आणि लॉगमध्ये इशारा येतो. मी इशारे वाचणंच सोडून दिलं होतं.

त्या शुक्रवारी यान्बूहून सामना थेट दाखवला. तुझ्या केरूदादाच्या कंपनीने आपल्या वर्धापनदिनासाठी वाहिनीचा वेळच विकत घेतला होता. मध्ये एकही जाहिरात नव्हती. लॉगमध्ये चुका शून्य, इशारा एक. मी कव्हरवर "स्वच्छ" लिहिलं. वाहिनीने स्वतःकडे रेकॉर्डिंग ठेवलं नव्हतं, म्हणून पोलीस ती डिस्क न्यायला दुकानात आले तेव्हा त्यांनी विचारलं, "कामिल?" म्हणजे पूर्ण आहे का. भाई म्हणाला, "कामिल, कामिल. माझी बहीण तपासते."

तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा ती डिस्क नीट बघितली. दुसऱ्या कामगार-कॅम्पातला जलाल चढाईला येतो, केरूदादा त्याचा पाय धरतो, पंच शिट्टी वाजवतो आणि कोणीतरी पंचालाच लाथ मारतो. मग दोन्ही कॅम्पांची माणसं मैदानात घुसतात. एकाच्या तोंडावर विटेचा तुकडा बसतो, तो दात थुंकत पळतो. एकाला चौघे जण खाली पाडून तुडवतात. केरूदादा दोरी बांधलेली लोखंडी सळई वाळूतून उपटतो आणि जलालच्या डोक्यावर उगारतो. लगेच पुढच्या चित्रात जलाल खाली पडलेला आहे, डोकं उघडलेलं, आणि केरूदादा गुडघ्यांवर बसून रक्ताने भरलेल्या हातांत त्याचं डोकं धरून आहे. सळई बाजूला. बघणारा दुसरं काय म्हणेल?

पण पडद्याच्या कोपऱ्यात सामन्याचं घड्याळ आहे. सगळ्यांची नजर रक्ताकडे जाते, घड्याळाकडे कोण बघतं? ते मध्येच सहा सेकंद पुढे जातं.

त्या दिवशी इथे वाळूचं वादळ होतं, डिश हलत होती. प्रोग्रामने फाटका तुकडा काढून टाकला आणि दोन टोकं जोडली. चित्र आणि आवाज सारखेच कापले, म्हणून शेवटी सगळं जुळलं. जुळलं म्हणजे त्याच्या लेखी चूक नाही, नुसता इशारा.

भाईला सांगितलं. त्याने अशी थोबाडीत मारली की कानातली बाळी तुटून पडली. "पोलिसांना एकदा कामिल सांगितलंय. आता खोटा ठरलो तर दुकान, इथे राहायचा इकामा, सगळं खलास. समजलं?" संगणकातली हार्ड डिस्क काढून त्याने दुकानातल्या कपाटात ठेवली. मूळ रेकॉर्डिंग तिच्यावर आहे. फाटलेलं, पण आहे.

जलालची बायको शरफुन्निसा हैदराबादहून आली आहे. माफी देणार नाही असं तिने सांगितल्याचं कळलं. इथे खुन्याला मेलेल्याच्या घरचेच माफ करू शकतात; तिने माफ केलं नाही तर काय होतं ते मी लिहीत नाही.

केरूदादा त्या सहा सेकंदांबद्दल काय सांगतो? मला कळव.

तुझी,
रुकय्या


मुरवणे, ता. दापोली
२२ एप्रिल २००६

रुकय्या,

तुझं पत्र वाचून आधी फाडणार होते. मग आईने विचारलं, "काय लिहिलंन?" म्हणून परत वाचलं.

एक शब्द लिहिलास कव्हरवर, स्वच्छ. त्याच्यावर माझा भाऊ मरतोय. तू माझी मैत्रीण आहेस, दोन उन्हाळे आमच्या मागीलदारी माझ्याबरोबर आमसुलं वाळवलीस, म्हणून इतकंच लिहिते. दुसरी कोणी असती तर काय लिहिलं असतं ते मलाच माहीत.

केरूदादाचा फोन आला होता. तुरुंगातून आठवड्याला एकदा करू देतात. आत जलालच्या कॅम्पातले तिघे आहेत. त्यांनी त्याला संडासात गाठून भिंतीवर आपटलं. पुढचे दात गेले, बोललेलं नीट कळत नाही. मी विचारलं, "दादा, तू मारलंस का रे?" तो म्हणाला, "मी सळई टाकली." मी म्हटलं, मग कोणी मारलं? तर म्हणतो, "आई जेवते का? पिंटूला कामाला लाव." परत विचारलं तर फोन ठेवला. त्याने अरबीतल्या कागदावर अंगठा दिलाय म्हणे. दहावी झालेला माणूस अंगठा का देईल? मारून घेतला असणार, दुसरं काय!

आपला धाकटा पिंटू घरी आहे. भांडणानंतर कंपनीने धाकट्या पोरांना पासपोर्टवर खुरूज, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का, मारून परत पाठवलं, त्यात तोही आला. तोही तिथे खेळत होता, पण त्याला काही दिसलं नाही म्हणतो, धुळीत होता म्हणतो. त्याचंही डोकं फिरलंय. पारावर कोणीतरी म्हणालं, "केरूने चांगला झोडला म्हणे त्याला," तर पिंटूने त्या माणसाला खाली पाडून त्याच्या छातीवर बसून मारलं. सहा जणांनी ओढला तेव्हा सुटला. बरगडी मोडली त्या माणसाची. भावाचं दुःख आहे, मी समजते. पण रात्री आपलं अंथरूण घेऊन गोठ्यात जातो आणि कोणी जवळ गेलं की अंगावर धावतो.

तू थरथरत बसू नकोस. कपाट फोड, काय वाटेल ते कर, पण ती मूळ चित्रं बघ. त्यात दादा सुटणार आहे. मला पक्कं वाटतं.

दर्शना


अल अझीझिया, जेद्दा
सोमवार, १ मे २००६

प्रिय दर्शना,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहितेय. कारण पुढे येईल.

बघितलं. केरूदादाने मारलं नाही. हे आधी वाच, बायजाकाकींना वाचून दाखव, मग पुढचं वाच.

शुक्रवारी भाई नमाजला गेला. अब्बांचा गुडघा सुजला होता, म्हणून ते घरीच होते. मी भाईच्या दुसऱ्या सदऱ्यातली किल्ली घेतली, दुकानातून हार्ड डिस्क आणली आणि संगणकाला जोडली. रूपांतर केलं नाही. मूळ फाइल जशी होती तशीच चालवली. फाटलेल्या जागी न थांबणारा एक प्रोग्राम आहे, त्यात.

तिथे चित्र चौकोनांमध्ये फुटतं. एखाद्याचा अर्धा चेहरा आधीच्या जागी राहतो आणि धड पुढे निघून जातं. आवाज किरकिरतो. पण एक-एक चित्र थांबवून बघितलं तर कळतं. केरूदादा सळई उगारतो. जलालचं तोंड वर होतं. केरूदादा क्षणभर तसाच थांबतो आणि सळई मागे फेकून देतो, दर्शना. हात रिकामे करून दाखवतो. जलाल त्याच हातांखालून घुसून त्याचा गळा धरतो आणि त्याला गुडघ्यांवर आणतो. केरूदादाचे डोळे बाहेर येतात. ते एक चित्र अगदी साफ आहे, एकही चौकोन नाही, आणि तेच मला रोज दिसतं. मग डावीकडून कोणीतरी वाकून सळई उचलतो. पहिला फटका जलालच्या खांद्यावर बसतो. दुसरा डोक्यात. दुसऱ्या फटक्याला जलालचे हात गळ्यावरून सुटतात आणि तो केरूदादाच्या अंगावर पडतो. मारणारा सळई टाकून कडेच्या चौकोनांमध्ये नाहीसा होतो. केरूदादा जलालचं डोकं दोन्ही हातांनी धरतो. फुटलेलं मडकं धरावं तसं. डिस्कमध्ये ते चित्र आहे. सगळ्यांना तो खुनी वाटला, पण तो रक्त थांबवत होता.

मारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. पाठ दिसते. केरूदादाच्याच संघाची हिरवी बनियन आहे, आकडा अकरा. मी पुन्हा पुन्हा बघितलं, अकराच आहे. पिंटूला विचार, अकरा नंबर कोणाचा होता. तो संघातच होता, त्याला माहीत असणार. नाव कळलं की पुढचं सोपं होईल.

मी मूळ फाइलच्या दोन डिस्क केल्या. एक अब्बांना दिली. दुसरी निघत असतानाच भाई आला. मी हार्ड डिस्क छातीशी धरून माझ्या कपड्यांच्या कपाटाकडे गेले. खरं तर धावले. त्याने माझा हात कपाटाच्या दारात धरला आणि दार लाथेने लोटलं. दोन बोटं मोडली. मी ओरडले तेव्हा अब्बा काठी टेकत आले आणि म्हणाले, "हारून, सोड तिला." भाईने अब्बांना ढकललं नाही, तेवढं मात्र खरं. पण त्याने खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि हार्ड डिस्क फरशीवर ठेवून चेंदली. मग संगणकही. मग माझ्याकडे वळला आणि बत्ता वर केला. अम्मी मध्ये पडली म्हणून तो तिच्या दंडावर बसला. आता ती दंड बांधून स्वयंपाक करते आणि शेजाऱ्यांना सांगते, न्हाणीघरात पडले.

अब्बांकडची डिस्क त्याला माहीत नाही.

सुनावणी याच महिन्यात आहे. अकरा नंबरचं नाव लवकर कळव. आता केरूदादा सुटेल.

तुझी,
रुकय्या


मुरवणे
९ मे २००६

रुकय्या,

तू लिहिलंस, आईला वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. ओटीवर बसून, मोठ्याने. पिंटू अंगणात लाकडं फोडत होता. केरूदादाने मारलं नाही हे ऐकून आईने पदराने तोंड दाबून धरलं. मी पुढे वाचत गेले. सळई उचलली, दुसरा फटका डोक्यात. मग मी वाचलं, हिरवी बनियन, आकडा अकरा.

लाकडं फोडण्याचा आवाज थांबला.

ती बनियन आमच्याच वळणीवर वाळत होती, रुकय्या. तो आल्यापासून रोज धुतो. मी रोज घडी करून ठेवते.

तो कोयता घेऊन ओटीवर चढला. "दे ते पत्र." मी दिलं नाही. त्याने मारलेला कोयता माझ्या कानाजवळून गेला आणि दाराच्या चौकटीत रुतला. कानाची पाळी कापली, केसांची बट तिथेच अडकून राहिली. तो कोयता ओढून काढत होता तेवढ्यात आईने त्याच्या पाठीत लाकूड घातलं. मग परत. मग परत. तो खाली बसला, हात वर केला नाही. आई मारत होती आणि म्हणत होती, "तुझ्या जागी तो बसलाय! तुझ्या जागी बसलाय तो!" लाकूड मोडलं तेव्हा थांबली. मग आत जाऊन तेल घेऊन आली आणि त्याच्या पाठीला लावत बसली. मी कानाला फडकं धरून बघत होते. 

रात्री त्याने सांगितलं. जलाल दादाचा जीव घेत होता, म्हणून मारलं. पहिल्या फटक्याला सुटला नाही, म्हणून दुसरा. मग त्या गर्दीतच दादा त्याला म्हणाला, "तू पळ. मी बघतो. तू काही बघितलं नाहीस." तो पळाला. दादाचा अंगठा कोणी मारून घेतलेला नाही. त्याने पोलिसांना स्वतःहून सांगितलं, मीच मारलं.

आता ऐक. दादाने ठरवलंय. त्याने जे झाकलं ते तू उघडं करायचं नाहीस. पण दादा मरताही कामा नये. तर तू एवढंच कर. न्यायाधीशाला सांग, डिस्क पूर्ण नाही, मध्ये सहा सेकंद नाहीत, माझी चूक झाली. घड्याळ दाखव. बस. मूळ डिस्क मोडून टाक. सहा सेकंदांत काय होतं ते कोणालाच माहीत नाही असं राहू दे. संशयावर तरी सुटेल.

पिंटू तेवीस वर्षांचा आहे. तूच लिहिलंस ना, दादाचे डोळे बाहेर आले होते. मग त्याने काय करायला हवं होतं? उभं राहून बघायचं?

मी तुझ्या पाया पडते. ती डिस्क मोड.

दर्शना


अल अझीझिया, जेद्दा
मंगळवार, १६ मे २००६

प्रिय दर्शना,

हे पत्र तुमच्या गावच्या गुणाजीकाकांच्या हाती देते. ते आज रात्री विमानाने मुंबईला येत आहेत आणि परवा गुरुवारी तुझ्या हातात देतील. मुद्दाम हाती पाठवलं. मी न्यायालयात जाण्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.

तू सांगितलंस ते करता येईल का, हे मी खूप विचार करून बघितलं. अब्बा आणि मी वकिलातीतल्या एका साहेबांना भेटलो. डिस्क दाखवली नाही, नुसतं विचारलं. मी म्हटलं, मध्ये तूट आहे एवढंच सांगितलं तर? ते म्हणाले, "बाई, आरोपीने कबुली दिलेली आहे. कबुलीपुढे नुसत्या तुटीला कोण विचारतो? न्यायाधीश तुम्हाला विचारतील, त्या तुटीत काय होतं. तुम्ही शपथेवर काय सांगाल?" मी विचारलं, माहीत नाही म्हटलं तर? ते म्हणाले, "माहीत नाही म्हणालात, तर माणूस जाईल."

मला माहीत आहे, दर्शना. माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही. एकदा न बघता "स्वच्छ" लिहिलं. आता बघून "माहीत नाही" म्हणायचं?

शरफुन्निसाला मी बघितलं. ती त्याच कचेरीत बाकावर बसली होती. माझ्याहून थोडीच मोठी असेल. तिचा भाऊ कोणाला तरी सांगत होता, तिने ती डिस्क मागून घेतली आहे आणि रोज लावते. मग घरातल्या वस्तू फोडते. एकदा टीव्हीचा पडदाच फोडला. तिच्या तळव्यांवर काचांच्या जखमा होत्या. तिला वाटतं तिने सगळं बघितलंय. तिच्या नवऱ्याने गळा दाबला, हे तिला माहीत नाही. केरूदादाने सळई टाकली, हेही माहीत नाही. ज्याला ती माफ करत नाही, त्याने तिच्या नवऱ्याचं डोकं धरून ठेवलं होतं. माफ करायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. पण पूर्ण बघून ठरवावं.

पिंटूने काय करायला हवं होतं, ते मला सांगता येत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही सळई उचलली असती, असं वाटतं. भाईने अम्मीच्या दंडावर बत्ता मारला तेव्हा माझ्या हाताशी इस्त्री होती. ती मी उचलली होती. तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही.

मी पिंटूचं नाव घेणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. डिस्कमध्ये अकरा आकडा आहे, संघाची यादी कंपनीकडे आहे. तो तिकडे आहे, इथे नाही. तुमच्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे. केरूदादाचा फोन आला की पिंटूने स्वतः त्याला सांगितलं की आता तू गप्प बसू नकोस, तर बरं होईल. नाही सांगितलं, तरी मी जाणारच. गळा दाबल्यामुळे मारलं, ही गोष्ट दोघांच्याही कामाची आहे. ती फक्त त्या डिस्कमध्येच आहे. ती मोडली तर पिंटूकडेही सांगायला काही उरत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

भाईला आता सगळं माहीत आहे. मीच सांगितलं, चोरून जायचं नव्हतं. तो म्हणाला, "घराबाहेर पाऊल टाकलंस तर दोन्ही पाय मोडीन." अब्बा म्हणाले, "आधी माझे मोड." भाई मग भिंतीवर डोकं आपटायला लागला. कपाळ फुटेपर्यंत आपटत होता. मीच त्याला धरलं, मीच हळद लावली. दुकानाला तेव्हापासून कुलूप आहे. इथून आम्हाला पाठवून देतील, भाईला कदाचित आत घालतील. हे सगळं मला माहीत आहे. रात्री उठून बसते, परत विचार करते. दर वेळी उत्तर तेच येतं.

तू मला परत कधी पत्र लिहिणार नाहीस, असं वाटतं. बायजाकाकी मला शाप देतील. त्यांना सांग, मी ऐकून घेईन. तुझ्या कानाला औषध लाव, कोयता गंजलेला असेल तर इंजेक्शन घे.

साहेबांनी सुनावणीची तारीख सांगितली आहे. अब्बांनी त्यांच्या मित्राची गाडी ठरवली आहे. पहाटेची फजरची नमाज झाली की आम्ही निघणार. न्यायाधीशासमोर डिस्क ठेवून मी आधी माझी चूक सांगणार, मग सहा सेकंद चालवायला सांगणार.

सुनावणी यान्बूला, शनिवार, २० मे.

रुकय्या